पाय बुडतील एवढेच पाणी

लांब पायांच्या पाणपक्ष्यांविषयी लिहायचे तर सुरुवात पक्ष्यापासून न करता पाण्याच्या खोलीपासून करावी, असे वर्षानुवर्षे त्यांच्याकडे पाहत आल्यानंतर मला ठामपणे वाटते. बदक पोहते, खंड्या वरून सूर मारतो, पाणकावळा बुडी मारून माशाचा पाठलाग करतो. बगळा, चमचा (स्पूनबिल), चित्रबलाक हा करकोचा, शेकाट्या यांना मात्र तळाला पाय टेकवूनच पाण्यातले अन्न मिळवावे लागते. पाणी पोटाच्या वर चढले की त्यांचे खाणे थांबते आणि पाणी आटून चिखल कडक झाला तरीही थांबते. या दोन टोकांच्या मध्ये वीत-दोन वितींचा जो पट्टा उरतो, त्याच्याशी त्यांचे पाय, मान, चोच आणि घरटे बांधण्याची वेळ अशा चारही गोष्टी घट्ट बांधलेल्या आहेत. तो पट्टा नीट समजून घेतल्याशिवाय हे पक्षी समजत नाहीत आणि त्यांचे रक्षणही करता येत नाही.

हे सगळे पक्षी एकमेकांचे सख्खे नातलग असतील, असा त्यांच्या ठेवणीवरून समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बगळे आणि चमचे हे पेलिकनच्या जवळचे आहेत, सारस आणि क्रौंच हे पाणकोंबडीच्या नात्यातले आहेत, तर शेकाट्याचे नाते टिटवीशी आणि समुद्रकाठच्या कुरव पक्ष्यांशी आहे. रोहित पक्ष्याचा, म्हणजे फ्लेमिंगोचा, सर्वांत जवळचा नातलग तर पाणडुबी ठरला आहे. आखूड पायांची, पाण्यात सतत बुड्या मारणारी ती लहानशी पाणडुबी आणि काठीसारख्या पायांवर उभा असलेला रोहित यांचे मूळ एक आहे, हे डोळ्यांना पटत नसले तरी जनुकांच्या अभ्यासातून ते पुन्हा पुन्हा दिसून आलेले आहे. याचा अर्थ असा की, लांब पाय ही एका घराण्याची वारसाहक्काने आलेली ठेव नसून वेगवेगळ्या घराण्यांनी उथळ पाण्यासाठी स्वतंत्रपणे शोधलेला एकच उपाय आहे.

त्या पायांविषयी एक गैरसमज आधी दूर करायला हवा. बगळ्याचा गुडघा मागच्या बाजूला वाकतो असे बहुतेकांना वाटते, परंतु जो सांधा आपल्याला दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. पक्ष्याचा खरा गुडघा शरीराला लागून, पिसांच्या आड दडलेला असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याच्या खाली जो लांबलचक उघडा भाग दिसतो तो पावलाच्या हाडांचा बनलेला असून पक्षी प्रत्यक्षात बोटांवर चालत असतो. पाय हलवणारे जाड स्नायू मांडीत आणि पोटरीच्या वरच्या भागात, म्हणजे शरीराच्या जवळ असतात आणि खालच्या भागात प्रामुख्याने हाड, कातडी व लांब स्नायुबंध उरतात. त्यामुळे पाय लांब असूनही हलका राहतो, पाण्यात तो ओढताना ताकद कमी लागते आणि पाणी फारसे ढवळले जात नाही. भिजून जड होतील अशी पिसेही तिथे नसतात.

शरीराच्या मानाने सर्वांत लांब पाय रोहित पक्ष्याचे आणि त्याच्या खालोखाल शेकाट्याचे मानले जातात. शेकाट्याचे वजन साधारण 200 ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्याशा शरीराखाली गुलाबी-लाल रंगाचे ते पाय इतके बारीक असतात की, उन्हात पाणी चकाकत असले म्हणजे पाय दिसेनासे होतात आणि काळे-पांढरे शरीर पाण्याच्या वर अधांतरी सरकत असल्याचा भास होतो. उडताना हे पाय शेपटीच्या कितीतरी मागे लोंबत राहतात. एखाद्या पाणथळीच्या काठावर थोडा वेळ शांत बसून पाहिले तर पायांच्या लांबीने पाण्याची कशी वाटणी केली आहे, ते स्पष्ट दिसते. अगदी काठावर ओल्या चिखलात तुतवारांसारखे लहान पक्षी टिपत फिरतात, त्यांच्या पुढे घोटाभर पाण्यात लहान बगळा असतो, त्यापुढे शेकाट्या आणि चमचे असतात आणि आणखी आत राखी बगळा स्तब्ध उभा असतो. रोहित त्याहूनही खोल पाण्यात जाऊ शकतो आणि त्याच्या बोटांमध्ये पडदे असल्यामुळे तळ सुटला तर पोहतोही. एकाच तळ्यात इतक्या जाती भांडणतंट्याशिवाय पोट भरू शकतात, यामागे ही खोलीची वाटणी मोठे कारण आहे. पाणी चार बोटे उतरले की ही संपूर्ण मांडणी तळ्याच्या आत सरकते.

पाय लांब झाले की मानही लांब व्हावी लागते, नाहीतर चोच पाण्यापर्यंत पोहोचणार कशी? बगळ्यांच्या मानेची घडण तर खास बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यातला सहावा मणका इतरांपेक्षा लांब असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना मान अशी वाकते की तिला इंग्रजी ‘एस’चा आकार येतो. शिकारीच्या क्षणी ही घडी एकाएकी उलगडते आणि चोच सरळ माशावर जाते. उडतानाही बगळे मान अशीच दुमडून खांद्यांमध्ये ओढून घेतात, तर करकोचे, सारस, चमचे आणि शराटी मान पुढे ताणून उडतात. आकाशात दूरवरून जाणारा पक्षी कोणत्या घराण्यातला आहे, हे ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

राखी बगळ्याची शिकार मी जितक्या वेळा पाहतो, तितक्या वेळा मला त्याच्या पावलाकडेच पाहत राहावेसे वाटते. तो पाय उचलतो तेव्हा लांब बोटे एकत्र मिटत जातात, पाऊल पाण्याबाहेर येते तेव्हा त्यावरून दोन-चार थेंब ओघळतात आणि ते ओघळून होईपर्यंत पाऊल हवेत तसेच थांबते. नंतर मिटलेली बोटे आधी टोकाकडून पाण्यात शिरतात आणि तळाला लागता लागता पसरतात. पाण्यावर वलय उमटते न उमटते एवढेच. शरीर पुढे सरकत असताना डोके मात्र जागच्या जागी राहते, कारण डोके हलले तर पाण्याखालचा मासा नजरेतून निसटेल. पाण्यात शिरताना प्रकाशाची दिशा बदलत असल्यामुळे मासा जिथे दिसतो तिथे तो नसतो आणि चोच नेमकी कुठे मारायची याचा हिशेब पक्ष्याला करावाच लागतो. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुद्रकिनाऱ्यावरचे बगळे ही चूक सुधारून अचूक वार करतात, असे दिसून आले. मासा पकडल्यावर, विशेषतः तो बुळबुळीत वामसारखा असला तर, बगळ्याची पिसे चिकट स्रावाने बरबटतात. त्यासाठी त्याच्या छातीवर आणि बाजूंना सतत झिजून भुकटी होणारी खास पिसे असतात. ती भुकटी तो पिसांना लावतो आणि मधल्या बोटाच्या नखावर असलेल्या दातेरी कडेने सगळे विंचरून काढतो.

उभे राहून वाट पाहणे हा बगळ्यांचा एकमेव मार्ग नाही. लहान बगळ्याचे पाय काळे आणि बोटे पिवळी असतात. तो एक पाय पुढे करून चिखलात थरथरवतो आणि दचकून निघालेले कोळंबे व मासे टिपतो. आफ्रिकेतला काळा बगळा दोन्ही पंख पुढे आणून डोक्याभोवती मिटवून घेतो आणि पाण्यावर गोल सावली धरतो. त्या सावलीत पाण्याची चकाकी कमी होऊन त्याला तळ नीट दिसत असावा, शिवाय आडोसा समजून मासेही आत येत असावेत, असे मानले जाते. सर्वांत आश्चर्य वाटते ते लहान आकाराच्या हिरवट बगळ्यांचे. त्यांच्यातले काही पक्षी किडा, पीस किंवा पावाचा तुकडा पाण्यावर टाकून माशाला आमिष दाखवतात, ते वाहून जाऊ लागले तर उचलून पुन्हा जागेवर ठेवतात आणि मासा वर आला की झडप घालतात. ही युक्ती जगाच्या वेगवेगळ्या भागांत नोंदली गेली आहे. गायबगळ्याने मात्र पाण्याशी असलेले नाते बरेचसे सैल केले आहे. गुरांच्या आणि रानातल्या मोठ्या जनावरांच्या पायांशी उडणारे किडे टिपत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचला आणि पुढे उत्तर अमेरिकेतही पसरला.

पाणी गढूळ असेल किंवा रात्र असेल तर डोळ्यांचा उपयोग राहत नाही आणि इथे चोचीची खरी कमाल दिसते. चमचा आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवत चालतो आणि आतल्या बाजूला काही लागले की मिटतो. चित्रबलाकही अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून असाच चालतो. त्याच्या अमेरिकेतल्या नातलगाची, म्हणजे वुड स्टॉर्कची, प्रयोगातून मोजणी झाली आहे. मासा चोचीला लागल्यापासून चोच मिटेपर्यंत सेकंदाचा अवघा चाळिसावा भाग, म्हणजे 25 मिलिसेकंद लागतात आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतकी जलद प्रतिक्रिया फार कमी ठिकाणी आढळते. गॉडविट आणि कर्ल्यू यांसारखे लांब चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसून किडे शोधतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशींचे पुंजके असतात आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडण्याची सोयही असते, त्यामुळे चिखलात खोल गेलेली चोच पूर्ण न उघडताच अळी पकडता येते.

मुग्धबलाक या करकोच्याच्या चोचीत मध्यभागी फट असते. ही फट पाहून तो गोगलगायीचे कवच अडकित्त्यात धरून फोडल्याप्रमाणे फोडत असेल असे कुणालाही वाटेल आणि पूर्वी पुष्कळांना तसे वाटतही असे. प्रत्यक्षात तो गोगलगाय तळाशी दाबून धरतो, खालच्या चोचीचे अणकुचीदार टोक कवचाच्या झाकणाखाली सरकवतो, आतला स्नायू तोडतो आणि मऊ शरीर बाहेर ओढून काढतो. कवच बहुधा अखंड राहते. पिल्लांच्या चोचीत ही फट नसते. ती वयाबरोबर तयार होते.

रोहित पक्ष्याची खाण्याची रीत या सर्वांपेक्षा वेगळी आहे आणि तिच्यावर थोडे थांबून लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. तो मान पूर्ण खाली सोडून डोके उलटे करतो, म्हणजे चोचीची वरची बाजू तळाकडे येते. चोच मध्येच वाकलेली असल्यामुळे या स्थितीत तिचे टोक तळाला समांतर राहते. जाड, मांसल जीभ दट्ट्याप्रमाणे सेकंदाला अनेक वेळा मागे-पुढे होते, पाणी आत ओढले जाते आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक दातेरी पट्ट्यांतून गाळून बाहेर टाकले जाते. लहान रोहिताच्या पट्ट्या इतक्या दाट असतात की तो प्रामुख्याने सूक्ष्म नीलहरित शेवाळावर जगतो, तर मोठ्या रोहिताच्या पट्ट्या विरळ असल्याने तो छोटे कवचधारी जीव, अळ्या आणि बिया खातो. एकाच खारट तळ्यात दोघांचे भागते ते यामुळेच. हा पक्षी केवळ निमूटपणे पाणी गाळत असतो असे आजवर मानले जात होते, परंतु 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते चित्र बदलले आहे. पाय आपटून तळाचा गाळ उचलणे, डोके झटक्याने वर ओढणे आणि चोच वेगाने उघडमीट करणे यांतून तो पाण्यात छोटे भोवरे तयार करतो आणि पळू पाहणारे सूक्ष्म जीव त्या भोवऱ्यांत अडकवतो. त्याचा गुलाबी रंगही अन्नातूनच येतो. शेवाळातील आणि ते खाणाऱ्या जीवांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पिसांत साठतात. पिल्ले मात्र राखाडी असतात.

हे पक्षी एका पायावर का उभे राहतात, हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. त्याचे एक उत्तर उष्णतेशी संबंधित आहे. पिसे नसलेल्या लांब पायांतून शरीराची उष्णता पाण्यात जाते आणि एक पाय पिसांत ओढून घेतला की ही गळती कमी होते. पायांच्या वरच्या भागात खाली जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना लागून असतात, त्यामुळे उष्णता पायापर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळशी परत शरीरात जाते. दुसरे उत्तर 2017 मध्ये मिळाले. संशोधकांनी मृत रोहित पक्ष्याचे शरीर एका पायावर तोलले असता ते स्नायूंच्या कोणत्याही मदतीशिवाय स्थिर राहिले, दोन पायांवर मात्र ते तसे राहीना. म्हणजे एका पायावर उभे राहणे ही आपल्याला कसरत वाटत असली, तरी त्या शरीराला तीच विश्रांतीची स्थिती आहे. तीव्र उन्हाळ्यात हेच पाय उलट उपयोगाला येतात. करकोचे स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात, तिच्यातले पाणी वाळताना पायांतले रक्त थंड होते आणि पाय पांढरे दिसू लागतात.

विणीकडे वळले की पाण्याची पातळी पुन्हा समोर येते. बगळे, चमचे, शराटी आणि चित्रबलाक पाण्यात किंवा पाण्याकाठी असलेल्या झाडांवर शेकडोंनी एकत्र घरटी बांधतात. अशा सारंगागारात पाऊल टाकले, किंबहुना वाऱ्याच्या दिशेला नुसते उभे राहिले, तरी विष्ठेचा आणि सडक्या माशांचा उग्र दर्प येतो आणि पिल्लांचा अखंड कलकलाट कानांवर आदळतो. झाडाभोवती पाणी असणे फार महत्त्वाचे असते, कारण त्यामुळे जमिनीवरचे शिकारी घरट्यांपर्यंत येत नाहीत. फ्लोरिडातल्या दलदलींत तर घरट्यांखालच्या पाण्यात राहणाऱ्या मगरींच्या जातीचे ॲलिगेटर रॅकूनसारख्या चोरांना दूर ठेवतात आणि कधी खाली पडलेले पिल्लू त्यांच्या तोंडी जाते. पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर हा सौदा फायद्याचाच ठरतो. अमेरिकेतल्या वुड स्टॉर्कची वीण पाणी उतरण्याच्या काळाशी जुळलेली असते: दलदल आटू लागली की मासे छोट्या डबक्यांत दाटीने गोळा होतात आणि स्पर्शाने मासेमारी करणाऱ्या पक्ष्याला नेमकी तीच दाटी हवी असते. अवेळी पाणी चढले तर मासे पुन्हा विखुरतात आणि पुष्कळदा सबंध वसाहत पिल्ले टाकून निघून जाते.

बगळ्यांची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. पहिल्या अंड्यापासूनच उबवणे सुरू होत असल्याने पहिले पिल्लू शेवटच्यापेक्षा काही दिवसांनी मोठे असते, अन्नाच्या वाटपात तेच पुढे असते आणि अन्न अपुरे पडले तर धाकट्याला टोचून टोचून मारते किंवा घरट्याबाहेर ढकलते. आईबाप मध्ये पडत नाहीत. हे पाहताना मन विटते हे मी नाकारत नाही, पण कोणत्या वर्षी किती मासे मिळणार हे आधी कळण्याचा काहीच मार्ग नसताना, चांगल्या वर्षी सगळी पिल्ले आणि वाईट वर्षी निदान एक-दोन तरी जगवण्याची ही रीत आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच वसाहतीत दुसऱ्या झाडावर भर दुपारी चित्रबलाक पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभा असतो आणि जोडीदार चोचीत पाणी आणून त्यांच्या तोंडात ओततो, हेही तितकेच खरे आहे.

शेकाट्या याच्या उलट जमिनीवर, पाण्याला लागून, बहुधा चार अंडी घालतो. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. बसताना ते लांब पाय शरीराखाली दुमडावे लागतात आणि घोट्याचा सांधा मागे बाहेर डोकावत राहतो. कडक उन्हात प्रश्न अंडी उबवण्याचा नसून ती थंड ठेवण्याचा असतो. तेव्हा पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि स्वतःचे अन्न स्वतः टिपतात. माणूस किंवा कुत्रे जवळ आले की पालक पंख मोडल्याचे सोंग करत, तडफडत दूर जातात आणि लक्ष स्वतःकडे ओढून घेतात. कमळपक्ष्यांत मादी एकाहून अधिक नरांशी जोडी जमवते आणि अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम नराकडेच असते. रोहित चिखलाचा फूटभर उंचीचा ओटा रचून त्यावर एकच अंडे घालतो आणि दोन्ही पालक पिल्लाला अन्ननलिकेत तयार होणारा लालसर, पौष्टिक द्रव पाजतात. पूर्व आफ्रिकेतल्या लहान रोहितांची वीण जवळजवळ पूर्णपणे टांझानियातल्या नेट्रॉन या एकाच सोडायुक्त सरोवरावर अवलंबून आहे. त्या दाहक पाण्यात शिरायला शिकारी धजत नाहीत.

सारसाची गोष्ट निराळी. उडणाऱ्या पक्ष्यांत तो सर्वांत उंच आहे, त्याची उंची जवळजवळ 1.8 मीटरपर्यंत भरते. जोडी दीर्घकाळ टिकते आणि नर-मादी एकमेकांच्या सुरात सूर मिळवून ओरडतात. सारस व क्रौंच यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते आणि त्यामुळे त्यांची हाक मैल-दोन मैलांवर ऐकू येते. याउलट पांढरा करकोचा जवळजवळ मुका असतो. स्वरयंत्र हलवणारे स्नायू त्याच्यात विकसितच झालेले नसतात, म्हणून जोडीदार घरट्यावर आला की तो मान मागे पाठीपर्यंत नेतो आणि दोन्ही चोची एकमेकींवर आपटून खडखडाट करतो.

करकोचे स्थलांतर करताना पंख फारसे मारत नाहीत. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत गिरक्या घेत ते उंची गाठतात आणि मग पुढे तरंगत जातात. समुद्रावर अशी हवा मिळत नाही, म्हणून युरोपातून आफ्रिकेत जाणारे पांढरे करकोचे जिब्राल्टर किंवा बॉस्फरसच्या अरुंद सामुद्रधुनीवरून पलीकडे जातात. हिवाळ्यात हे पक्षी जातात कुठे, याविषयी युरोपात एकेकाळी नाना कल्पना होत्या. 1822 मध्ये जर्मनीत क्ल्युट्झ गावाजवळ एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकी लाकडाचा भालवजा बाण आरपार रुतलेला होता. जखमी अवस्थेत तो पक्षी एवढे अंतर उडून आला होता आणि स्थलांतराचा त्याहून रोखठोक पुरावा मिळणे अवघड होते. तो आजही रोस्टॉक विद्यापीठात जतन केलेला आहे. गॉडविट मात्र समुद्राला भीत नाही. 2022 मध्ये अवघ्या पाच महिन्यांच्या एका गॉडविटने अलास्काहून निघून अकरा दिवसांत, कुठेही न उतरता, 13,560 किलोमीटर अंतर कापून टास्मानिया गाठले. या उड्डाणाआधी हे पक्षी भरपूर चरबी साठवतात आणि जठर व आतड्यांसारखे वाटेत निरुपयोगी ठरणारे अवयव आकाराने लहान करून घेतात. ही सारी तयारी होते ती किनाऱ्यावरच्या, भरती-ओहोटीत उघड्या-झाकल्या जाणाऱ्या चिखलावर.

माणसाने या पक्ष्यांचे नुकसान कसे केले, याच्या दोन पिढ्या सांगता येतील. पहिली बंदुकीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत टोप्यांवर बगळ्यांची नाजूक पिसे लावण्याची लाट आली. ही पिसे फक्त विणीच्या काळात येतात, त्यामुळे पक्षी घरट्यावरच मारले जात आणि पिल्ले उपासमारीने मरत. त्याविरुद्ध प्रामुख्याने स्त्रियांनी आवाज उठवला. इंग्लंडमध्ये 1889 साली आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1896 साली त्यांच्या पुढाकाराने पक्षिरक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या, पुढे कायदे झाले आणि बगळे परत आले. दुसरी पिढी पाण्याची आहे आणि ती अजून संपलेली नाही. दक्षिण कोरियात सेमांगुम येथे 33 किलोमीटर लांबीची समुद्रभिंत 2006 मध्ये बंद झाली, मागच्या विस्तीर्ण चिखलाचा समुद्राशी संबंध तुटला आणि तिथे थांबून चरबी साठवणारे हजारो किनारी पक्षी नंतरच्या मोजण्यांत कुठेही पुन्हा सापडले नाहीत. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार इराणमधल्या रामसर येथे 2 फेब्रुवारी 1971 रोजीच झाला होता.

मला अधिक चिंता वाटते ती मात्र चांगल्या हेतूने होणाऱ्या कामांची. तळ्याचा काठ दगडांनी सरळ बांधून काढला, गाळ उपसून ते सगळीकडे सारखे खोल केले आणि वर्षभर काठोकाठ भरलेले ठेवले, तर ते तळे माणसाच्या डोळ्यांना सुंदर दिसते आणि पाणी भरपूर असल्यामुळे ते पक्ष्यांनाही सोयीचे असेल असे सर्वांना वाटते. अशा तळ्यावर बदके आणि पाणकावळे दिसतील, पण बगळ्याला, शेकाट्याला, चमच्याला तिथे पाय टेकवायला जागाच नसते. त्यांना हवा असतो हळूहळू उतरत जाणारा, चिखलाचा, ओबडधोबड काठ. पाण्याची पातळी ज्यांच्या हातात आहे त्यांनी पाणी एकदम सोडून न देता आठवड्याला थोडे थोडे उतरवले, तर दर खेपेला नवा ओला पट्टा उघडा पडतो, त्यात अडकलेले मासे आणि अळ्या पक्ष्यांच्या आवाक्यात येतात आणि लांब पायांच्या पक्ष्यांपासून आखूड पायांच्या पक्ष्यांपर्यंत प्रत्येकाला काही दिवस आपल्या मापाचे पाणी मिळते. जमिनीवर घरटी असतील त्या काळात मात्र पाणी वर चढू देऊ नये, कारण शेकाट्याची अंडी पाण्यापासून फार तर वीतभर उंचीवर असतात.